गिरगाव ते दादर : तीन दिवसांची पायपीट

युरोपातील एखादे शहर चार दिवसांत पाहून येण्याची चाल अलीकडे आपल्या सुशिक्षित कुटुंबांत चांगलीच रुळली आहे. पूर्वी विलायतेस जाणे म्हणजे बॅरिस्टरीचा अभ्यास, नाही तर कंपनीचे काम. आता मुलाच्या किंवा सुनेच्या रजेस जोडून आलेला शनिवार-रविवार एवढे निमित्त पुरते. परत आलेल्या मंडळींचे वर्णन ऐकावे तर ते बहुधा एकाच साच्याचे असते. व्हिएन्नाच्या गल्ल्यांतून दिवसाकाठी तीन-चार कोस चाललो, जुन्या कॉफीगृहात दोन घटका बसलो, एक संग्रहालय व एक देवालय पाहिले, बाजारात उभ्याउभ्या काही खाल्ले आणि रात्री पाय शेकत झोपलो. हे ऐकताना आमच्या मनात एक प्रश्न वारंवार येई. हीच मंडळी मुंबईस शेकडो वेळा जातात. पण तेथे ती अशी दोन घटका तरी हिंडली आहेत काय? आपल्याकडे मुंबईस जाणे म्हणजे लग्न, मुंज, इस्पितळ, नाही तर विमानतळ. शहर पाहावयाचे ते परक्यांचे, आपल्या शहरात केवळ कामे उरकावयाची, असा जणू दंडकच होऊन बसला आहे.

यास्तव २०२५ सालच्या मार्गशीर्षात आम्ही उभयतांनी वाईहून निघून मुंबईत तीन दिवस काढावयाचे ठरविले, तेही युरोपच्या प्रवाशांचे नियम अंगीकारून. पहिला नियम असा की, आप्तेष्टांच्या घरी जेवावयास जावयाचे नाही. हा पाळणे किती कठीण, ते ज्यांची निम्मी सोयरीक मुंबईत आहे त्यांस सांगावयास नको. दुसरा नियम पायी चालण्याचा. आणि तिसरा, ज्या वस्तीत जे अन्न जन्मले अथवा रुजले तेच तेथे खावयाचे. कोटाकडील भव्य भागाकडे आम्ही मुद्दाम पाठ फिरविली. बोरीबंदरचे स्टेशन २००४ साली आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. ती यादी गिरगावच्या अलीकडेच थांबते. जेथे ती थांबते तेथून आम्ही आरंभ केला, आणि लालबाग-परळावरून दादरास येऊन पोहोचलो. हा सारा पट्टा फार तर अडीच कोसांचा.

मुक्काम दादरास एका साध्या लॉजात होता. दादरच्या पूर्वेकडील चौकास अजूनही लोक 'टी. टी.' म्हणतात, ट्रामचे शेवटचे ठाणे म्हणून ते नाव. मुंबईतील शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली, पण तिचे ठाणे बोलण्यात कायम आहे. व्हिएन्नात ट्रामा आजही चालतात असे ऐकून आम्हांस त्या शहराचा थोडा मत्सर वाटला. मात्र मुंबईकरांस त्याच्या बदल्यात आता भूमिगत गाडी मिळाली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती दक्षिणेकडे थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली, आणि तिच्या मार्गावर गिरगाव हे स्वतंत्र स्थानक आहे. आम्ही दादरास पाताळात उतरलो तो गिरगावात वर आलो. सौभाग्यवतीचे माहेर गिरगावचे. फिरत्या जिन्यावरून वर येताच ती क्षणभर थबकली, कारण स्थानकापायी जुन्या इमारती पडल्या असून समोरचा रस्ता तिला ओळखू येईना.

गिरगाव पाहावयाचे तर प्रथम त्याची नावे वाचावीत, असे आमचे मत आहे. गिरिग्राम, म्हणजे डोंगराच्या पायथ्याचे गाव, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगतात. मलबार टेकडी शेजारीच असल्याने ती पटण्याजोगी आहे. पुढे गल्ल्यांच्या पाट्या पाहत जावे. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट! भाट म्हणजे बागायतीची जमीन. जेथे आज चार मजली चाळींच्या मधून आकाशाची एक पट्टी तेवढी दिसते, तेथे कोणे एके काळी फणस, केळी, आंबे, बोरी आणि मुगाचे वाफे होते. झाडे गेली, नावे राहिली. पॅरिसच्या गल्लीबोळांच्या नावांचा इतिहास सांगणारी पुस्तके आपली मुले विकत आणतात. त्याच मुलांना मुगभाटाचा अर्थ विचारला असता ती आमच्याकडे पाहत राहिली.

या वाड्यांत पाहण्यासारखी म्हणून प्रथम गणावी अशी खोताची वाडी. दादोबा वामन खोत यांच्या नावावरून ती ओळखली जाते. आत शिरताच रस्ता इतका अरुंद होतो की दोन माणसांनी एकमेकांस वाट द्यावी. दुतर्फा लाकडी घरे, पुढे ओटी, बाहेरून वर जाणारा जिना, कठड्यावर फुलझाडांच्या कुंड्या आणि कोपऱ्यावर क्रूस. येथील मूळ रहिवासी ईस्ट इंडियन ख्रिस्ती. नाव इंग्रजी असले तरी मंडळी अस्सल कोकणकिनाऱ्याची असून घरची बोली मराठीच. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या महोत्सवाच्या सुमारास त्यांनी हे नाव धारण केले, कारण कंपनी सरकारच्या काळापासून आपण येथलेच, हे त्यांस नव्याने आलेल्यांहून वेगळे दाखवावयाचे होते. त्यांचा मसाला उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्यास बाटलीचा मसाला असेच नाव पडले आहे. एका ओटीवर बसलेल्या आजींशी सौभाग्यवतीने त्या मसाल्याविषयी अर्धी घटका संभाषण केले. आम्ही तोवर जिन्यांची लाकडे न्याहाळीत उभे होतो. वाडीतील निम्म्याहून अधिक घरे आता नाहीत. उरलेल्यांच्या डोक्यावरून नव्या मनोऱ्यांच्या सावल्या फिरतात.

तेथून जवळच केशवजी नाईकांच्या चाळी. मुंबईतील सार्वजनिक गणेशोत्सवाचा आरंभ येथे १८९३ साली झाला, आणि १९०१ साली लोकमान्य टिळक येथे येऊन गेले. इतरत्र मूर्तींची उंची वाढत गेली. येथील मंडळींनी मात्र मूर्ती लहानच ठेविली आहे. उत्सवाचे दिवस नसल्याने चौकात मुले चेंडू खेळत होती आणि एका दांडीवर कोणाचेसे पांघरूण वाळत होते. आम्हांस ते दृश्य आवडले. देवस्थान म्हणून मिरविण्याचा येथे कोणाचाही प्रयत्न नाही.

एव्हाना भूक लागली होती. ठाकुरद्वारच्या बाजूस एका जुन्या उपाहारगृहात मिसळ, थालीपीठ व साबुदाण्याचा वडा घेतला. मिसळीचा रस्सा आमच्या वयास थोडा जहाल. पण त्यावरचा उतारा तेथेच मिळतो, तो म्हणजे पीयूष. श्रीखंड व ताक यांच्या मिलाफाने होणारे हे पेय गिरगाव-दादरच्या बाहेर क्वचितच चांगले मिळते. येथे मौज अशी की, अमरकोशात पीयूष या शब्दाचे दोन अर्थ दिले आहेत. एक अमृत, दुसरा, नुकत्याच व्यालेल्या गाईचे दूध, म्हणजे आपला चीक. त्याच उपाहारगृहात काचेच्या कपाटात खरवसाच्या वड्याही होत्या. तेव्हा कोशाच्या न्यायाने पाहता खरे पीयूष कपाटात बसले होते आणि पेल्यात आले होते ते नुसते नामधारी. ही शंका आम्ही गल्ल्यावरच्या गृहस्थांस सांगितली. त्यांनी शांतपणे विचारले, "मग खरवस देऊ का दोन?" वादात असा सरळ निकाल शाळेत चाळीस वर्षांत आम्हांस मिळाला नव्हता. खरवस घेतला.

सौभाग्यवतीची चाळ फणसवाडीत. नियमाप्रमाणे तेथे जेवावयाचे नव्हते, पण पाहावयास तर जावयाचेच होते, कारण ती आता फार दिवस उभी राहणार नाही. आमचे मेहुणे तेथे अद्याप राहतात. दोन खोल्या, पुढे सामाईक सज्जा, सज्जाच्या टोकास सर्वांचे शौचकूप. पुढल्या पावसाळ्यापूर्वी खोल्या रिकाम्या करून द्यावयाच्या आहेत. मनोरा उभा राहील तेव्हा परत येथेच जागा मिळावयाची आहे. तोपर्यंत भाड्याचे घर, आणि तेही मिळाले आहे डोंबिवलीपलीकडे. वहिनींनी चहा केला. सौभाग्यवती सज्जाच्या कठड्यास टेकून खाली पाहत राहिली आणि म्हणाली, "दादा, हे पाडू नये असं वाटतं रे." मेहुण्यांचे वय बहात्तर. ते म्हणाले, "तुला वाटेल गं. रात्री तीनदा उठून सज्जाच्या टोकाला मला जावं लागतं." यावर कोणी काही बोलले नाही.

या उत्तरात जे आहे ते जुन्या वस्तूंच्या प्रेमिकांनी नीट ध्यानात घ्यावे, असे आम्हांस वाटते. चाळीत स्नेह होता, दारे उघडी होती, एकाचे दुखणे दहांचे होते, हे सारे खरे. तसेच एका शौचकुपापुढे दहा बिऱ्हाडांची रांग होती, हेही खरे. व्हेनिसचे उदाहरण घ्या. तेथील एकही वाडा पडू दिला नाही, जग ते पाहावयास लोटते, आणि २०२४ च्या एप्रिलपासून काही ठराविक दिवशी, एका दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशांकडून कर घेतात. परंतु १९५१ च्या सुमारास जेथे पावणेदोन लक्ष माणसे राहत, त्या जुन्या शहरात २०२२ साली पन्नास हजारांहूनही कमी रहिवासी उरले. भिंती राखल्या, माणसे गेली. गिरगावात भिंती जाणार. माणसे परत येतील किंवा नाही, हा प्रश्न आहे. मेहुणे म्हणतात, येणार. त्यांनी करारनामा आम्हांस दाखविला. आम्ही तो दोनदा वाचला, भाषेच्या दृष्टीने त्यात अनेक दोष आहेत, पण परतीचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे.

दुपारी धोबी तलावाकडे वळून कयानी या १९०४ सालच्या इराण्याच्या दुकानात बसलो. येथे युरोप आपल्या पायाशी आलेला असतो, तो असा. इराण्याच्या दुकानातील वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या व्हिएन्नाच्या कॉफीगृहातल्या खुर्च्यांच्या वंशातल्या. मायकेल थोनेट नावाच्या कारागिराने वाफेने लाकूड वाकवून १८५९ साली ती घडण बाजारात आणली आणि ती साऱ्या जगात पसरली. संगमरवरी मेज, कडक ब्रुन पाव, त्यावर लोणी, आणि दाट चहा. आमच्या आजोबांच्या पिढीत इराण्याकडे चहा पिणे हा घरी लपविण्याचा प्रकार होता. मात्र मेजाशी बसणाऱ्याची जात न पुसणारी जी स्थळे या शहरात प्रथम निघाली त्यांत ही दुकाने होत, आणि त्या योगे शहराच्या अंगवळणी जे पडले ते कित्येक सुधारकांच्या व्याख्यानांनीही पडले नसते.

संध्याकाळी चौपाटी. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांचा देह येथे अग्नीस दिला, तेथे त्यांचा पुतळा आहे. भेळेच्या गाड्यांवर गर्दी होती. आम्ही समुद्राकडे तोंड करून बसलो आणि पाय शेकण्याऐवजी वाळूत पुरले.

दुसरा दिवस लालबाग-परळास दिला. हा मुलूख गिरण्यांचा. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवास कापडगिरणीची कंपनी काढली, १८५६ साली ती चालू झाली, आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे कोकणातला व घाटावरचा तरुण मनुष्य वळकटी घेऊन येथे येत राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. गिरण्याच एकेक करून मिटल्या. आज त्या जमिनींवर काचेचे मनोरे व मोठमोठी दुकाने आहेत. कोठेकोठे एखादे धुरांडे उभे आहे. त्यातून धूर येत नाही, म्हणून छायाचित्र चांगले येते. लोक ते घेतही होते.

लालबागचे नाव घेताच गणपती डोळ्यांपुढे येतो. गणेश गल्लीतील उत्सव १९२८ चा आणि लालबागच्या राजाचा १९३४ चा. दुसऱ्याची कथा ऐकण्यासारखी आहे. १९३२ साली पेरू चाळीचा बाजार बंद पडला तेव्हा उघड्यावर आलेल्या कोळिणींनी व विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला. जागा मिळाली आणि गणपती बसला. कोळिणीच्या टोपलीला हक्काची जागा हवी, एवढ्या मागणीतून तो उभा राहिला आहे.

येथील मसाल्याचा बाजार व चिवडा गल्ली आमच्या वाचकभगिनींनी अवश्य पाहावी. चैत्र-वैशाखात येथे मिरचीच्या ठसक्याने उभे राहवत नाही असे सांगतात. मार्गशीर्षात हवा सौम्य होती. संकेश्वरी, ब्याडगी, काश्मिरी अशा मिरच्यांच्या राशी लावलेल्या. कोणी रंगासाठी, कोणी तिखटासाठी, कोणी वासासाठी. गिऱ्हाइकाने आपले प्रमाण सांगावे, दुकानदाराने ते भाजून यांत्रिक मुसळांखाली कुटून द्यावे, अशी रीत. सौभाग्यवतीने गोडा मसाला घेतला आणि दगडफूल कमी घालावयास लावले. दुकानदाराने एकदा तिच्याकडे पाहून "वाई-सातारा का?" असे विचारले. मसाल्याच्या प्रमाणावरून मनुष्याचा मुलूख ओळखणे हे ज्योतिषाहून अधिक विश्वासार्ह शास्त्र आहे.

दुपारचे जेवण खानावळीत. गिरणगावचा खरा संसार येथे चाले. घरची माणसे गावी, एका खोलीत दहा-बारा गडी, पाळ्यापाळ्यांनी निजणारे. त्यांस महिन्याच्या बोलीने जेवू घालणाऱ्या बाया स्वतःही गरीब, आणि सावकाराच्या कर्जात बुडालेल्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अशा चौदा जणींस एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, आणि बँकेचे दार त्यांस उघडून दिले. आम्ही गेलो ती खानावळ एका चाळीच्या तळमजल्यावर, चार बाकांची. मत्स्याहार हा तेथील मुख्य व्यवहार. आम्ही शाकाहारी असल्याचे सांगताच बाईंनी निराळ्या भांड्यातून वालाची उसळ, तांदळाची भाकरी, वरण-भात व सोलकढी वाढली. "सासूबाईंच्या हाताखाली तीस गडी जेवायचे, दोन्ही पाळ्यांचे," त्या म्हणाल्या. आता गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या मनोऱ्यातल्या कचेरीतली मुले; ती दूरध्वनीवरून मागवितात आणि एक पोरगा फटफटीवरून येऊन पुडकी घेऊन जातो. "जेवताना तोंड दिसत नाही हो कोणाचं," एवढे बोलून त्यांनी आमच्या पानात आणखी भाकरी टाकली.

आता या सबंध यात्रेत आम्हांस जे सर्वांत मोठे दर्शन घडले त्याविषयी. परळ गावात बारादेवीचे लहानसे देऊळ आहे. १९३१ साली परळ-शिवडी भागात रस्ता करताना जमिनीतून एक प्रचंड शिल्प निघाले, ते येथे ठेविले आहे. काळ इसवी सनाचे पाचवे-सहावे शतक. एकाच फिकट शिळेत कोरलेले, उंची अकरा-बारा फुटांच्या घरात. पुराणवस्तू खात्याचे संरक्षण आहे; छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्याची साच्यावरून घेतलेली प्रतिकृतीही आहे. पण मूळ शिला परळातच. तेथील गृहस्थांस विनंती करताच त्यांनी दार उघडून दिले.

प्रथम खाली एक शिव समोर पाहत उभा दिसतो. जटाभार विपुल, अंगावर अलंकार थोडे, मुद्रा अत्यंत शांत. मग ध्यानात येते की त्याच्या मस्तकामागून दुसरा शिव वर येत आहे, आणि त्याच्याही मागून तिसरा. सर्वांत वरच्याचे हात अनेक असून ते कमानीसारखे पसरले आहेत. मधल्या या उभ्या ओळीच्या दोहों अंगांस फांद्या फुटाव्यात तशा आणखी आकृती बाहेर झेपावत आहेत. मिळून सात. पायांशी गण वाद्ये वाजवीत बसले आहेत. काही भाग अपुरा राहिलेला दिसतो. कारागिराची छिन्नी कोठे थांबली ते हाताने दाखविता येते. एकच तत्त्व अनेक होते, ही गोष्ट आम्ही चाळीस वर्षे फळ्यावर लिहून शिकविली. परंतु एकापासून अनेक होताना ते हालते कसे, वाढते कसे, हे आम्हांस परळातल्या या शिळेने दाखविले. तो सातपट देव जणू श्वास घेऊन नुकताच वर उचलला जात होता. फ्लॉरेन्स नगरीत एक पुतळा पाहावयास लोक आगाऊ तिकिटे काढून तासन्‌तास रांगेत उभे राहतात. त्याहून हजार वर्षे जुने हे शिल्प पाहावयास त्या दुपारी आम्ही दोघेच होतो. तिसरे म्हणून एक मांजर उंबऱ्यावर येऊन बसले.

या एकांताचे दुःख मानावे की आनंद, हे आम्हांस ठरविता आले नाही. फुले वाहिलेली होती, निरांजन होते. महाशिवरात्रीस लोक दर्शनास येतात. संग्रहालयातील मूर्तीस प्रकाशयोजना मिळते, पूजा मिळत नाही, येथे उलट. दीड हजार वर्षांच्या देवास परळकरांनी आपल्या गल्लीतच ठेवून घेतले, यात त्यांचा हट्ट असेल, पण हट्ट चांगला आहे. रस्त्यापासून देवळापर्यंत वाट दाखविणारी एक पाटी मात्र पाहिजे. आम्हांस तीन ठिकाणी विचारावे लागले.

परळातच हाफकीन संस्था आहे. तिची मुख्य वास्तू एके काळी गव्हर्नरांचे निवासस्थान होती. १८९६ च्या प्लेगात ओडेसाचे हाफकीन मुंबईस आले, त्यांनी १८९७ च्या जानेवारीत आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा या वाड्यात आली. आम्ही ती बाहेरूनच पाहिली. पोयबावडीकडील दामोदर नाट्यगृह, जेथे गिरणीकामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या नाटके केली, ते १९२२ चे. २०२३ साली ते बंद पडले. तेथपासून थोड्याच अंतरावर इंप्रुव्हमेंट ट्रस्टच्या जुन्या चाळी. यांतील पहिल्या क्रमांकाच्या चाळीत, ५० व ५१ या दोन खोल्यांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. कोलंबिया व लंडनच्या पदव्या घेऊन आलेला पंडित याच जिन्याने चढत असे. जिना आम्ही पाहिला; फार अरुंद आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे दादरचा फुलबाजार पाहिला. झेंडूच्या गोण्या, निशिगंधाचे भारे, बेलाच्या जुड्या, आणि पायाखाली ओली पाने. पोटाची व्यवस्था स्टेशनाबाहेर वडापावाने झाली. या खाद्याच्या निर्मितीचे श्रेय अशोक वैद्य यांस दिले जाते. १९६६ साली त्यांनी दादर स्टेशनाबाहेर ते विकावयास आरंभ केला. शब्दांच्या दृष्टीने याची तपासणी केली असता पाव पोर्तुगीज, बटाटा पोर्तुगीज, मिरची सातासमुद्रांपलीकडची. एकटा वडा तेवढा संस्कृत वटकापासून आलेला. आणि तरीही याच्याहून अधिक मराठी असे दुसरे काही या शहरात नाही!

दादर पूर्वेची हिंदू कॉलनी ही प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या त्याच इंप्रुव्हमेंट ट्रस्टने आखलेली. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, घराघरांत मोकळी हवा. गिरगावातली कितीतरी मध्यमवर्गीय कुटुंबे येथे येऊन राहिली. याच कॉलनीत राजगृह आहे. मगधाच्या जुन्या राजधानीचे हे नाव बाबासाहेबांनी आपल्या घरास दिले, आणि ते बांधले मुख्यतः ग्रंथांसाठी. तळमजल्यावर संग्रहालय आहे. मेज, खुर्ची, चष्मा, छायाचित्रे, पुस्तकांची कपाटे. ६ डिसेंबर नुकताच होऊन गेला असल्याने दूरदूरहून आलेली माणसे अजून येत होती; विदर्भातून आलेला एक वृद्ध गृहस्थ काचेस हात न लावता बराच वेळ उभा होता.

आम्हां संस्कृतच्या शिक्षकास तेथे उभे राहणे सोपे नाही. याच शहरात जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती आहे. मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्यास ती मिळते, आणि आमच्या विद्यार्थ्यांपुढे आम्ही तिचाच आदर्श ठेवीत असू. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळविली, हे आम्ही दर वर्षी वर्गात सांगत असू. त्याच्या पाचच वर्षे आधी, १९०७ साली, त्याच शहरातून त्याच परीक्षेस बसलेल्या भीमराव आंबेडकरांस संस्कृत घेऊ दिले गेले नाही. अस्पृश्य म्हणून शिकविण्यास शिक्षक तयार नव्हते, त्यांना फारसी घ्यावी लागली. या दोन गोष्टी एकमेकींपासून किती जवळ आहेत हे वर्गात सांगितले जात नाही. ज्यास दार बंद केले त्याने पुढे स्वतःच्या कष्टाने ती भाषा मिळविली आणि तिच्यातील ग्रंथांची कसून तपासणी केली. ती तपासणी आमच्या पिढीस बोचली. पण देवडीवरूनच परत पाठविलेल्या मनुष्याने घराविषयी कसे लिहावे, हे घरात बसलेल्यांनी सांगू नये. सौभाग्यवतीने अभिप्रायाच्या वहीत सही केली. आम्ही मजकूर लिहावयास घेतला, आणि नाव व गाव तेवढे लिहून लेखणी खाली ठेविली.

दुपारी नायगावच्या बाजूस मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात गेलो. संस्था १८९८ ची, म्हणजे ट्रस्टच्याच वयाची. जुन्या मासिकांचे बांधीव अंक पाहता पाहता सौभाग्यवतीस आठवण करून द्यावी लागली की आपण प्रवासास आलो आहोत. तिने तेच आम्हांस सांगितले असे ती म्हणते. वाटेत नायगावच्या बी. डी. डी. चाळींजवळून गेलो. १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या या चाळींत खोली १६० चौरस फुटांची. त्यांच्या जागी ५०० फुटांची घरे उभी करण्याचे काम चालू आहे. वरळीस त्यांतली पहिली ५५६ घरे २०२५ च्या ऑगस्टमध्ये लोकांच्या हाती आली. हे मेहुण्यांस कळविले. त्यांचे उत्तर आले, 'शौचकूप आत आहे ना?' आहे, असे लिहिले.

शिवाजी पार्क संध्याकाळी पाहावे. १९२५ चे मैदान. शिवजन्माच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवात, १९२७ साली, त्यास हे नाव मिळाले. कठड्यावर बसून मुलांचे क्रिकेट पाहणाऱ्या निवृत्त गृहस्थांत आम्ही सहज मिसळून गेलो. अर्ध्या घटकेत एकाने आम्हांस फलंदाजीतील दोष समजावून सांगितले. रात्री शिवाजी मंदिरात नाटक होते. १९६५ पासून हे नाट्यगृह दादरची ओळख आहे. मध्यंतरात बटाटेवडा खाण्याचा येथील प्रघात आम्ही मोडला नाही, सकाळचा वडा जमेस धरूनही.

बाणगंगा, भाऊ दाजी लाड संग्रहालय, शिवडीचा किल्ला आणि दादरचे चार्ल्स कोरियांनी नव्याने बांधलेले पोर्तुगीज चर्च, इतकी स्थळे राहून गेली. ती पावसाळ्यापूर्वी, मेहुण्यांचे सामान हलविण्यास जाऊ तेव्हा. सौभाग्यवतीने सज्जाच्या कठड्याचा एक लाकडी खांब मागून ठेविला आहे, एस. टी.च्या गाडीत तो बसेल किंवा नाही, हे वाईस आल्यावर स्थानकात विचारून ठेविले. छतावर बांधावा लागेल, असे तेथील कारकून म्हणाले.